कळी उघडण्याचा ठेका

मुलांनो, सुरुवातीलाच माफी मागून घेतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ नीट कळायच्या आतच माझी शाळा सुटली. भारी शब्दही मला येत नाहीत. पण या गोष्टीतल्या जनावरांनाही ते येत नव्हते. एका मुंगळ्याला तेवढे येत होते. त्याचं काय झालं ते आता ऐका.

एका जंगलात, जे इतकं उंचावर होतं की हिवाळ्यात गवतावरचं दव गोठून कडक व्हायचं, केरबा नावाचं एक तरुण खवल्या मांजर राहत होतं.

खवल्या मांजर तुम्ही पाहिलं नसेल. ते मांजर नसतं. अंगभर खवले, जाड शेपूट, आणि बघणाऱ्याला संपतच नाही असं वाटावं एवढी लांब जीभ. दात एकही नाही. जेवायला मुंग्या, आणि मुंग्या नसल्या तर वाळवी. डोळ्यांनी त्याला बेताचंच दिसतं. जग त्याला नाकानं कळतं. आणि भीती वाटली की ते अंगाचा गोळा करून गप्प पडून राहतं.

बाकीची खवल्या मांजरं वाघाला भिऊन गोळा व्हायची. केरबाला "काय, कसं काय?" एवढं विचारलं तरी तो गोळा व्हायचा.

त्याला वाढवलं होतं सरूआत्यानं. ती म्हणायची, "अरे, चारचौघांत बोलत जा. गोळा होऊन संसार होत नसतो."

केरबाला हे पटत होतं. पण पटलंय हे सांगायचं तर बोलावं लागणार होतं. म्हणून तो गोळा व्हायचा.

एकदा त्याला पाहायला मुलीकडचे आले होते. खवल्या मांजरांत मुलीकडचे मुलाच्या घरी येतात, आणि पाहुण्यांपुढे वाटीभर जिवंत मुंग्या ठेवायच्या ही रीत असते. मुंग्या ठेवल्या म्हणजे स्थळ मनात आहे. नाही ठेवल्या म्हणजे नकार, मग कुणी तोंडानं काही बोलायची गरज नाही. त्या दिवशी पाहुण्यांनी मुंग्या खाल्ल्या आणि मुलगा उलगडायची वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. शेवटी मुलीच्या आजोबांनी गोळ्यावर नखानं टकटक केलं. "मुलगा भरीव आहे," असं म्हणून ते जे उठले ते परत आले नाहीत.

पण ते दुःख केरबाला फार नव्हतं. त्याला खरं दुःख सगुणेचं होतं.

सगुणा ओढ्यापलीकडची. एकदा पाण्यावर ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या शेपटीला पान चिकटलंय."

केरबा गोळा झाला. उलगडला तेव्हा ती गेली होती. शेपटीचं पानही गेलं होतं. तिनंच काढलं असणार. त्या दिवसापासून केरबाच्या मनात एकच गोष्ट होती. सगुणेला काहीतरी सांगायचं, पण तोंडानं नाही.

आता दरसाल थंडीत त्या जंगलातल्या तळ्यावर उत्तरेकडून एक चक्रवाक यायचा. जग हिंडलेला पक्षी. त्याच्याशी केरबा बोलायचा, कारण चक्रवाक स्वतःच इतकं बोलायचा की केरबाला फक्त "हं" म्हणावं लागायचं.

चक्रवाक म्हणाला, "आमच्याकडे पिओनी नावाचं फूल असतं. लालभडक. ओंजळीत मावत नाही एवढं. आणि वास! एक फूल उमललं तर ओढ्यापलीकडे कळतं."

"ओढ्यापलीकडे?" केरबा म्हणाला. चक्रवाक दचकला. त्यानं आजवर केरबाच्या तोंडून एवढा मोठा शब्द ऐकला नव्हता.

पुढच्या थंडीत चक्रवाकानं चोचीत धरून पिओनीचा गड्डा आणला. गड्ड्याला लाल लाल डोळे होते.

"नीट ऐक," तो म्हणाला. "हे डोळे मातीखाली दोन बोटं ठेवायचे. जास्त खोल नाही. खोल गेले तर नुसती पानं येतील. आणि एकदा लावलीस की हलवू नकोस. तिला जागा बदललेली खपत नाही. थंडी भरपूर लागू दे. आणि घाई करू नकोस, ती सावकाश घेते."

केरबा "हं" म्हणाला. पण मुलांनो, खोल खणणं ही खवल्या मांजरांची घराण्याची विद्या. केरबाच्या आजोबांनी खणलेल्या बिळात पुढे अख्खं अस्वलाचं कुटुंब राहत होतं. अशा घरातल्या मुलानं दोन बोटं खणायचं? सगुणेसाठी? केरबाला लाज वाटली. त्यानं चांगलं पुरुषभर खणलं आणि गड्डा तळाला ठेवला.

त्या साली काहीच उगवलं नाही. थंडीला चक्रवाक आला, जागा पाहिली आणि म्हणाला, "तू लावलीस की पुरलीस?"

मग दोघांनी गड्डा वर काढला आणि दोन बोटांखाली लावला. जागा बदलल्याचा राग म्हणून पिओनी पुढची दोन वर्षं नुसती पानं दाखवत राहिली. केरबा रोज तिच्याजवळ जाऊन बसायचा. तिच्याजवळ बसायला त्याला बरं वाटायचं. तीही काही विचारत नसे.

"बरोबरीच्यांची पोरं पाठीवर बसून हिंडायला लागली," सरूआत्या म्हणायची, "आणि हा गवत राखत बसलाय."

आणि एका वसंतात कळ्या आल्या. सात-आठ, गोल, घट्ट, सुपारीएवढ्या. टोकाशी लाल रेघ दिसत होती. केरबानं नाक लावून पाहिलं. अजून वास नव्हता. पण गोडसर काहीतरी होतं, आणि त्याखाली एक फार ओळखीचा वास होता. त्याची जीभ आपोआप बाहेर आली.

"थांबा!" कळीवरून आवाज आला. "चालू कामात व्यत्यय आणू नका!"

कळ्या मुंग्यांनी भरल्या होत्या. त्यांच्या मधोमध एक काळा मुंगळा मागच्या पायांवर उभा होता.

"मी बळवंतराव मुकादम," मुंगळा म्हणाला. "कळी उघडण्याचा ठेका आमच्याकडे आहे."

केरबानं जीभ आत घेतली. गोळा व्हावंसं वाटत होतं, पण कळीची काळजी जास्त होती. "ठेका?"

"मग काय, फूल आपोआप उघडतं असं वाटलं तुम्हाला?" मुकादम हसला. मुंग्याही हसल्या. "केवढी घट्ट कळी आहे ही! एकेक पाकळी सैल करावी लागते. कुशल मनुष्यबळ लागतं. नियोजन लागतं."

"पण त्या तर चाटताहेत," केरबा हळूच म्हणाला.

"चाटत नाहीत. सैल करताहेत."

केरबानं पिओनी उमलताना कधी पाहिली नव्हती. चक्रवाक मुंग्यांबद्दल काही बोलला नव्हता. कळ्या घट्ट होत्या, हे तर खरंच होतं.

"मी काय करू?" त्यानं विचारलं.

"एकच. आमच्या कामगारांना धक्का लागता कामा नये. एक जरी मुंगी कमी झाली तर काम बंद. कळ्या आहेत तशा वाळतील. शब्द द्या."

केरबानं शब्द दिला.

"सबंध जंगलातल्या मुंग्या," मुकादम म्हणाला. "सगळ्या आमच्याच."

"आणि वाळवी?"

"संलग्न संस्था आहे."

अशा तऱ्हेनं मुलांनो, जेवण जेवणाऱ्याचं मालक झालं. केरबा सालीखालच्या अळ्या शोधून खाऊ लागला. त्या मिळाल्या तर मिळायच्या. आत्याचंही तेच. तिनं कुणाला शब्द दिला नव्हता. पण केरबा तिच्या वाटेत आडवा पडून "आत्या, एक जरी कमी झाली तर..." म्हणायचा, आणि ती शिव्या देत अळ्या शोधायला जायची.

मुकादमाच्या मागण्या वाढत गेल्या. कामगारांना ऊन लागतं, म्हणून दुपारभर केरबा कळ्यांवर मोठं पान धरून उभा राहू लागला. कामगारांना तरतरी हवी, म्हणून तो मध आणू लागला. मध आणताना मधमाश्या चावायच्या. त्याला पाखरं हाकलायचंही काम मिळालं. मुंग्या खाणारा मुंग्यांचा राखणदार झाला, आणि त्याचे खवले चालताना रिकाम्या डब्यासारखे वाजू लागले.

जंगलात बातमी पसरली. खारीनं विचारलं, "मुकादम, आमचा मोगरा कोण उघडतं हो?" मुकादम गंभीर होऊन म्हणाला, "आजवर आम्हीच. बोललो नाही इतकंच." खारीला इतक्या वर्षांच्या फुकट कामाची लाज वाटली. तिनं दाण्यांची परडी पाठवली. साळिंदरानं जांभळाच्या फुलांसाठी गूळ दिला. कुणी अळंबीची छत्री उघडायला ठेका दिला. सूर्य उगवण्याचं काम तेवढं सुटलं. ते आधीपासून रानकोंबड्याकडे होतं, आणि तो ते सोडायला तयार नव्हता.

"फूल कधी उघडेल?" केरबा रोज विचारायचा.

"पौर्णिमेपर्यंत," मुकादम म्हणाला.

आत्यानं ते ऐकलं आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी सगुणेच्या घरच्यांना बोलावणं धाडलं. "त्या मुलीसाठी चाललंय ना हे सगळं? मग येऊ दे तिला," ती म्हणाली. केरबा गोळा झाला. पण त्या गोळ्यातून कुणीतरी गुणगुणल्यासारखं वाटलं.

पौर्णिमा आली. कळ्या फुगल्या होत्या, लाल रेघ रुंद झाली होती, पण एकही उघडली नव्हती. "काम प्रगतिपथावर आहे," मुकादम म्हणाला.

संध्याकाळी सगुणा आली. बरोबर तिचे वडील दौलतराव आणि आई. दौलतराव भरदार गृहस्थ. बसताना जमीन दबली.

आता पाहुण्यांपुढे मुंग्यांची वाटी ठेवायची होती.

"आत्या, नको," केरबा बिळात कुजबुजला.

"अरे, वाटी नाही गेली तर नकार समजतील!"

"एक जरी कमी झाली तर फूल..."

"फुलासाठी मुलगी घालवतोस की मुलीसाठी फूल लावलं होतंस?"

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. वाळलेलं तोंड, वाजणारे खवले. तिनं कपाळाला पंजा लावला, वाटीत करवंदं भरली आणि बाहेर नेऊन ठेवली.

दौलतरावांनी वाटीला नाक लावलं. पुन्हा लावलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "फळं आहेत."

"फळं?" सगुणेची आई म्हणाली.

"आम्हाला वानर समजलात का आत्याबाई? सरळ नकार द्यायचा होता तर रिकामी वाटी ठेवायची. ही चेष्टा कशाला?" दौलतराव उठले. "चल गं सगुणा."

सगुणा उठली. तिनं एकदा केरबाच्या दिशेनं तोंड वळवलं. केरबाचं अंग गोळा व्हायला लागलं. शेपूट पोटाशी आली. डोकं आत जायला लागलं. आता गोळा झालो तर उलगडेन तेव्हा इथे कुणी नसेल, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं कसंबसं तोंड बाहेर ठेवलं आणि म्हणाला, "बागेत... बागेत चला."

ते एवढ्या तळमळीनं निघालं की दौलतराव थांबले. बागेत गेल्यावर एक नाकभर हवा घेऊन तर ते उभेच राहिले.

"अहो!" ते बायकोला म्हणाले. "इथे मांडलंय सगळं! देठावर! काय ही पद्धत! ज्याचं त्यानं उभ्यानं घ्यायचं!"

"नको, नको हो!" केरबा ओरडला.

"तुम्ही कसलं नको म्हणता? नको आम्ही म्हणायचं, तुम्ही वाढायचं!" दौलतराव खूश होऊन हसले, आणि पहिल्या कळीवरून त्यांची जीभ फिरली. मग दुसऱ्या. तिसरीवर त्यांच्या पत्नी होत्या. "गोड लावलंय काहीतरी," त्या म्हणाल्या. "आपल्या थोरल्या सुमनच्या वेळी नुसत्या कोरड्या वाढल्या होत्या."

केरबा पाहत राहिला. तीन वर्षांची वाट त्याच्या डोळ्यांदेखत चाटली जात होती. बघता बघता सगळ्या कळ्या लख्ख झाल्या. एकच उरली, अगदी कडेची. तिच्यावर सगुणा वाकली होती. तिथे मुकादम उरलेल्या मुंग्यांना घेऊन उभा होता.

"केरबा!" मुकादम किंचाळला. "शब्द दिलायस!"

"हे कोण बोललं?" सगुणेनं विचारलं.

आणि मग केरबानं सांगितलं. गोळा न होता सांगितलं. ठेका, कामगार, मध, शब्द, सगळं. शेवटी म्हणाला, "तुम्हाला वास द्यायचा होता. ओढ्यापलीकडे पोहोचतो म्हणतात. पण आता मुंग्या गेल्या. आता कळ्या उघडणार नाहीत."

सगुणा म्हणाली, "पलीकडच्या उतारावर रानगुलाब फुलतो. त्याला कोण उघडतं?"

"तो काटेरी आहे. काट्यांची कामं मुकादम घेत नाहीत."

"मग फुलतो कसा?"

केरबानं याचा कधी विचार केला नव्हता.

"असू दे," सगुणा म्हणाली आणि तिनं जीभ आत घेतली. "शब्द दिलाय तुम्ही. ही कळी त्यांच्याकडेच राहू दे."

"चांगलं घर आहे," जाता जाता दौलतराव तोंड पुसत म्हणाले. "मुलगा जरा वाळलाय. पाहुण्यांना सगळं वाढून स्वतः उपाशी राहत असणार."

रात्रभर केरबा बिळात पडून होता. पहाटे त्याला जाग आली ती नाकामुळे. आधी वाटलं स्वप्न आहे. मग वाटलं कुणीतरी मध सांडलाय, गुलाबांवर. तो धडपडत बाहेर आला.

सगळ्या कळ्या उमलल्या होत्या. पाहुण्यांनी चाटलेल्या तर आधी उमलल्या होत्या. ओंजळीत न मावणारी, पाकळीत पाकळी असलेली लालभडक फुलं. मुकादमाची कळी तेवढी अजून अर्धी मिटलेली होती.

वासानं जंगल गोळा झालं. खार आली, साळिंदर आलं, रानकोंबडा सूर्याचं काम आटोपून आला. ओढ्यापलीकडून दौलतराव आले, आणि त्यांच्या मागे सगुणा.

सगळ्यांत मोठ्या फुलावर बळवंतराव मुकादम चढला. "मित्रांनो! काल संध्याकाळी दुर्दैवी घटना घडली. माझे शेकडो सहकारी कामावर असताना गेले. तरीही मी एकट्यानं, रातोरात, सगळ्या कळ्या उघडल्या! ही नवी कार्यपद्धती आहे. यापुढे मनुष्यबळ कमी लागेल. दर तेवढे वाढतील."

टाळ्या झाल्या. खारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

केरबा पुढे झाला. एवढ्या गर्दीत तो आयुष्यात पहिल्यांदाच उभा होता. पण तो गोळा झाला नाही.

"कळ्या आपोआप उघडतात," तो म्हणाला. "मुंग्या नुसतं चाटतात."

खारीनं डोळे पुसायचं थांबवलं.

"म्हणजे?" खार म्हणाली. "मग आम्ही परडीभर दाणे कशाचे दिले?"

"माझा गूळ?" साळिंदर म्हणालं.

केरबा म्हणाला, "फुकट गेला."

मुलांनो, त्यानं थोडं गोड करून सांगायला हवं होतं. साळिंदराचे काटे उभे राहिले. "आम्ही काय मूर्ख आहोत?"

"कालपर्यंत मुकादमांच्या जिवावर बाग केली आणि आज उलटला!" खार ओरडली.

"सूर्यही आपोआप उगवतो म्हणेल उद्या!" रानकोंबडा म्हणाला. याचा राग सगळ्यांत जास्त होता.

"खाली बस! खाली बस!" सगळे ओरडले. मग त्यांनी मुकादमाला पानावर बसवून मिरवलं आणि जंगलातल्या सगळ्या कळ्यांचा कायमचा ठेका त्याला देऊन टाकला.

गर्दी ओसरल्यावर दौलतराव केरबाजवळ आले. "भाषण काही जमलं नाही हो तुम्हाला," ते म्हणाले.

"नाही," केरबा म्हणाला.

"पण सगुणा म्हणते, ऐकलं तिनं. होकार आहे आमचा."

केरबा गोळा झाला. पण सगुणा या वेळी गेली नाही. ती शेजारी बसून राहिली, आणि तो उलगडला तेव्हाही तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा लवकर उठला. सगुणेच्या घरी न्यायला एक फूल तोडायचं होतं. सगळ्यांत मोठ्या फुलावर बळवंतराव मुकादम बसला होता आणि आभाराचं भाषण पाठ करत होता.

"मुकादम," केरबानं विचारलं, "काम पूर्ण झालं ना?"

"शंभर टक्के!" मुकादम छाती काढून म्हणाला.

"म्हणजे माझा शब्दही पूर्ण झाला."

मग केरबानं ते फूल तोडलं आणि ओढ्याकडे निघाला. फूल झटकायची गरज पडली नाही. ते स्वच्छ होतं.

तात्पर्य: आपोआप होणारं काम हेरावं आणि ते होण्याआधी त्याच्यावर जाऊन बसावं. झाल्यावर मात्र तिथून वेळेत उठावं.